काइबा बदलत नाही म्हणणाऱ्यांनी पहिली सात पुस्तकं वाचावीत

'यू-गी-ओह' या जपानी गोष्टीचा विषय निघाला की तिचा नायक युगी याच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचं, सेतो काइबाचं नाव निघतंच. आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी म्हणतंच, "भारी आहे, पण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तसाच आखडू." मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाच्या मित्राने आमच्या घरात बसून हेच ऐकवलं. पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. पण ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज सगळं लिहून काढते.

ज्यांनी फक्त २००० साली सुरू झालेली अ‍ॅनिमे मालिका पाहिली आहे, त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. तिचे २२४ भाग आहेत, पण काइबाच्या गोष्टीची खरी सुरुवात त्यांत नाही. काझुकी ताकाहाशींची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) १९९६ पासून 'शोनेन जंप' या साप्ताहिकात येत होती. २००४ पर्यंत तिची ३८ पुस्तकं झाली. त्यातली पहिली सात या मालिकेने जवळपास गाळूनच टाकली. आणि काइबा कोण होता हे नेमकं त्याच सात पुस्तकांत आहे.

तेव्हा ती पत्त्यांची गोष्टही नव्हती. दर वेळी नवा खेळ, नवा माजलेला माणूस आणि त्याला मिळणारी नवी शिक्षा, असा मामला होता. कार्डांचा खेळ त्यातलाच एक म्हणून आला आणि वाचकांनी असा उचलून धरला की पुढे सगळी गोष्टच त्याची झाली. काइबा त्या पहिल्या कार्डांबरोबर येतो, आणि येतो तो चोर म्हणून. युगीच्या आजोबांच्या दुकानात त्याला ब्लू आइज व्हाइट ड्रॅगन दिसतो. आजोबा ते कार्ड कशाच्याच बदल्यात द्यायला तयार होत नाहीत, कारण ते त्यांच्या जिवलग मित्राकडून आलेलं असतं. मग हा पोरगा शाळेत युगीकडून ते 'जरा बघू' म्हणून घेतो आणि परत देताना त्याच्या हातावर नक्कल ठेवतो.

पुढे काय करतो तेही सांगते. हे कार्ड जगात फक्त चार. त्यातली तीन त्याने पैशाच्या आणि दडपणाच्या जोरावर मिळवलेली. चौथं आजोबांचं. तो आजोबांना डावात हरवतो आणि ते चौथं कार्ड त्यांच्या डोळ्यांदेखत फाडतो. आपल्याकडे आहेत ती तीन पुरेत, पण चौथं कधी कुणी आपल्यासमोर टाकू नये, एवढ्यासाठी. हा प्रसंग मालिकेच्या पहिल्याच भागात आहे, तो सगळ्यांना आठवतो.

जे मालिकेत नाही, ते त्याच्याभोवतीचं सगळं. मांगात त्या चोरीनंतर युगीकडून हरलेला काइबा त्याचा सूड घेण्यासाठी अख्खं मनोरंजन उद्यान उभारतो. त्याचं नाव डेथ-टी. प्रत्येक मजल्यावर मरणाचा सापळा. आणि एका टप्प्यावर युगीसमोर उभा असतो मोकुबा, त्याचा सख्खा धाकटा भाऊ. मोकुबा हरतो. हरला म्हणून काइबा त्याच्यावर तीच शिक्षा सोडतो जी त्याने आजोबांना दिली होती: मरणाचा अनुभव देणारं यंत्र. मोकुबाला तिथून बाहेर ओढून काढतो तो युगी. ज्याचा सूड घ्यायचा म्हणून हे सगळं उभं केलं, तो युगी.

मी स्वतः थोरली आहे. आई-बाबा दोघंही नोकरीला असायचे. भावाची वेणी नव्हती घालायची एवढंच, बाकी डबा, गृहपाठ, पडलं-खुपलं सगळं माझ्याकडे होतं. त्यामुळे ती पानं वाचताना काइबाची मला चीड आली, आणि चिडीबरोबर भीतीही वाटली. कारण हरलेल्या लहान भावाकडे तो ज्या डोळ्यांनी बघतो, ते डोळे त्याला कुणीतरी दिलेले आहेत.

ते कुणी दिले ते नंतर कळतं. मोकुबाच्या जन्माच्या वेळी आई गेली. पुढे वडील अपघातात गेले. नातेवाइकांनी पैसा संपवला आणि दोन्ही पोरांना अनाथाश्रमात सोडलं. तिथे एक दिवस गोझाबुरो काइबा येतो. शस्त्रास्त्रांच्या धंद्यातला बडा उद्योगपती, बुद्धिबळात नाव कमावलेला. सेतो त्याला आव्हान देतो: मी जिंकलो तर आम्हाला दत्तक घ्यायचं. आम्हाला, म्हणजे दोघांनाही. एवढासा पोरगा बाहेर पडायची एकच संधी दिसत असताना आपल्या एकट्यापुरतं मागत नाही. तो जिंकतो. आणि मग त्या घरात त्याला शिकवलं जातं की हरणं म्हणजे मरण. शिकवणी, शिक्षा, पुन्हा शिकवणी. खेळायला बंदी. शेवटी हा मुलगा बापाचीच कंपनी बापाच्या हातातून काढून घेतो आणि शस्त्रं बनवणाऱ्या त्या कारखानदारीला खेळ बनवायला लावतो. मांगात गोझाबुरो त्यानंतर खिडकीतून उडी टाकतो. मुलाला शिकवलेला धडा तो स्वतःही तंतोतंत पाळतो.

इथे एक गोष्ट अ‍ॅनिमेने फार सुंदर दाखवली आहे. त्या घरातल्या दिवसांत मोकुबा दादासाठी हाताने ब्लू आइजचं कार्ड काढतो. वेडंवाकडं, लहान मुलाच्या हातचं. मोकुबाचं बघून माझ्या भावानेही मला एक काढून दिलं होतं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पाठची कोरी बाजू कापून, पट्टीने चौकट आखून. निळं स्केचपेन मधेच वाळलं होतं म्हणून ड्रॅगनचा एक डोळा स्केचपेनचा आणि दुसरा बॉलपेनने गिरवलेला. हल्ल्याचा आकडा ३००० लिहायचा होता, त्याने एक शून्य जास्त लावून ३०००० केला. चुकून नव्हे. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, मग तुला कोणीच हरवणार नाही."

तर डेथ-टीच्या शेवटी काइबाचे तिन्ही ड्रॅगन युगीच्या एक्झोडिया या कार्डासमोर कोसळतात आणि युगीच्या आत राहणारा प्राचीन इजिप्तच्या राजाचा आत्मा, फॅरो, काइबाचं मन अक्षरशः फोडतो. काइबा निपचित पडतो. त्याला आपल्या मनाचे तुकडे एकेक करून पुन्हा जुळवायचे असतात, आणि शेजारी वाट बघत बसलेला असतो मोकुबा, ज्याला त्याने त्या यंत्रात टाकलं होतं.

हे डोक्यात ठेवून डुएलिस्ट किंगडम ही स्पर्धा बघा. कार्डांचा खेळ बनवणाऱ्या पेगाससने मोकुबाचा आत्मा कार्डात कोंडलेला आहे. त्याच्यापर्यंत पोचायचं तर काइबाला आधी युगीला हरवावं लागणार. किल्ल्याच्या गच्चीवर डाव रंगतो. काइबा त्याचे तीन ब्लू आइज एकत्र करून ४५०० चा अल्टिमेट ड्रॅगन उतरवतो, आणि युगी तोही सडवत नेतो. आता एक हल्ला झाला की संपलं. त्या क्षणी काइबा मागे सरकत थेट कठड्यावर चढतो. हल्ला केलास तर त्या धक्क्याने मी खाली पडेन, हवं तर कर. फॅरो हल्ला करायला निघतो आणि आतला लहान युगी त्याला थांबवतो.

हा रडीचा डाव आहे असं म्हणणारे खूप आहेत. मान्य, रडीचाच आहे. युगीची मैत्रीण अन्झू त्याला तिथेच फैलावर घेते आणि तिचंही बरोबर आहे. पण मला त्या कठड्यावर वेगळं काही दिसतं. ज्या माणसाने हरला म्हणून भावाला मरणाच्या यंत्रात टाकलं होतं, तो आता भावासाठी स्वतःचा जीव डावावर लावून उभा आहे. हरणं म्हणजे मरण हे सूत्र तेच. फक्त या वेळी ते त्याने स्वतःवर घेतलं. याला बदल म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

तो युगीचा मित्र होत नाही हे खरं. इथे जपानी नावांची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. युगी आणि त्याचा जिवलग मित्र जोनोउची यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडली की जपानीत 'युजो' होतं, म्हणजे मैत्री. काइबाला त्या शब्दात जागा नाही. आणि 'काइबा' हे नाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी जपानीत मेंदूतला आठवणी घडवणारा भाग लिहितात. आपला गतजन्म म्हणजे इजिप्तचा पुरोहित सेतो, पांढऱ्या ड्रॅगनची ती मुलगी किसारा, हे सगळं समोर दिसत असूनही 'भूतकाळाशी माझा संबंध नाही' असं सारखं म्हणणाऱ्या माणसाच्या नावातच आठवण आहे.

आणि तरीही, जो हरतो तो युगीच्या टोळीत येतो अशा या गोष्टीत काइबाला जबरदस्तीने मिठी मारायला लावलं नाही, यासाठी ताकाहाशींचे मी मनापासून आभार मानते. त्याला त्याच्याच पद्धतीने वागू दिलं. बॅटल सिटीचं उदाहरण घ्या. सगळी स्पर्धा त्याने भरवलेली, देवांची तिन्ही कार्डं आपल्याला मिळावीत म्हणून. शेवटचा मनोरा ज्या बेटावर आहे, ते गोझाबुरोच्या शस्त्रकारखान्याचं बेट. तो कारखाना यानेच पाडलेला. तिथे, बापाच्या ढिगाऱ्यावर, युगीला हरवायचं हे त्याचं स्वप्न. आणि तो हरतो. युगीचा डार्क पॅलाडिन त्याचे तिन्ही ड्रॅगन एका फटक्यात साफ करतो.

त्यानंतर अंतिम डाव युगी आणि स्पर्धेतला खलनायक मारिक यांचा. डावाआधी काइबा युगीला एक कार्ड देतो, फीन्ड्स सॅन्क्चुअरी. शुभेच्छा नाहीत, खांद्यावर हात नाही, आपल्या नेहमीच्या तुसड्या सुरात देतो. आणि त्या डावात ते कार्ड युगीच्या कामी येतं.

ज्या हाताने पहिल्या भागात दुसऱ्याचं कार्ड फाडलं, तो हात इथे स्वतःच्या डेकमधलं कार्ड काढून देतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मागे जाऊन तो भाग पुन्हा लावला होता. कुणी त्यावर भाषण देत नाही, म्हणून ते निसटून जातं. मग लोक म्हणतात, तसाच राहिला.

नंतर तो मनोऱ्याचं बेट उडवून देतो आणि मोकुबाला घेऊन ड्रॅगनच्या आकाराच्या विमानातून अमेरिकेला जातो, काइबालँड बांधायला. दोघांनी लहानपणी ठरवलेलं उद्यान, मुलांसाठी. डेथ-टी हेही उद्यानच होतं. त्यामुळे माझ्या दृष्टीने काइबाची गोष्ट तिथे पूर्ण होते.

म्हणूनच २०१६ चा चित्रपट माझ्या घशाखाली उतरत नाही. कथा स्वतः ताकाहाशींची, चित्रं डोळ्यांचं पारणं फेडणारी, केनजिरो त्सुदांचा आवाज अंगावर काटा आणणारा. फॅरो आतेम कायमचा निघून गेलेला आहे आणि काइबाला ते मान्य नाही. तो आतेमची आभासी प्रतिमा घडवून तिच्याशी खेळतो आणि त्याचं समाधान होत नाही. इथपर्यंत मी त्याच्याबरोबर आहे. पण शेवटी तो कंपनी मोकुबावर सोपवतो आणि आतेमला गाठायला परलोकात निघून जातो. परत येईल की नाही हे कुणी सांगत नाही. ज्या पोराने 'आम्हाला दत्तक घ्या' म्हटलं होतं, तो एकटाच जातो. ताकाहाशी २०२२ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हातून याच्या पुढचं पानही आता येणार नाही.

भावाशी यावरून माझं बरंच वाजलं. त्याचं म्हणणं, मोकुबा त्या चित्रपटात लहान राहिलेला नाही. अर्धी यंत्रणा तोच चालवतोय. दादाला जाऊ देणं हे त्याने दिलेलं कार्ड आहे. "ताई, तू सगळं थोरलीच्या बाजूने बघतेस," असंही वर ऐकवलं. हे मला अजून पटलेलं नाही, पण त्यावर उत्तरही सापडलेलं नाही.

तो मागच्या वर्षी नोकरीसाठी बंगळुरूला गेला. जाताना त्याने ते लग्नपत्रिकेवरचं ३०००० वालं कार्ड मागितलं होतं. मी दिलं नाही.