आजीसुद्धा शिकतच होती, दादा

सलाम दादा,

तुमची कमेंट काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली, आणि दोन ओळीत उत्तर देऊन चालणार नाही असं वाटलं म्हणून सविस्तर लिहितोय. मी पोस्टमध्ये म्हटलं होतं की दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर मंडळीपुढे आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी, झाला की आपल्यातल्या बऱ्याच जणांचं विश्वासाचं शिकणं तिथेच थांबतं आणि ते थांबू नये. त्यावर तुम्ही म्हणता, विश्वास शिकायचा नसतो, जगायचा असतो, येशूने बालकांसारखे व्हा म्हटलं, विद्वान व्हा नाही म्हटलं, आणि तुमच्या आजीला अक्षरओळख नव्हती तरी तिच्याएवढा विश्वास घरात कोणाचाच नव्हता.

आधी माझी चूक सांगतो. मी पोस्टमध्ये वाचन, कोर्स, रोज तीन अध्याय यावरच एवढं लिहिलं की न वाचणाऱ्याला वाटणार, आपल्यासाठी इथे काहीच नाही. ज्ञान फुगवतं, प्रीती उन्नती करते, हे प्रेषित पौलाचं वाक्य तुम्ही बरोबर आठवून दिलंत. पण दादा, त्याच पत्रात, करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, तोच पौल सांगतो की वाईटाच्या बाबतीत तान्ही बाळं व्हा पण समजण्याच्या बाबतीत प्रौढ व्हा. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात येशू बालकासारखं म्हणजे काय ते पुढच्याच ओळीत सांगतो, स्वतःला नम्र करणं. नम्र माणूसच शिकतो ना, ज्याला सगळं येतं असं वाटतं तो कशाला कोणाला विचारेल?

आता मी ही पोस्ट का लिहिली ते सांगतो, ते तिथे लिहायला धीर झाला नव्हता. माझे वडील गेले तेव्हा मी चाळिशीत होतो. भेटायला येणारा जो तो बायबलमधल्या ईयोबाचं, मुलंबाळं आणि संपत्ती गेल्यावर त्याने म्हटलेलं, तेच वचन म्हणायचा, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. संडे स्कूलमध्ये हे वचन पाठ म्हणून मला बक्षीस मिळालं होतं, आणि त्या आठवड्यात ते माझ्या तोंडून निघेना, मला वाटलं माझा विश्वासच संपला. मग कितीतरी महिन्यांनी एका वयस्कर बाईंनी, त्या पाळक (चर्चचे धर्मगुरू) नाहीत की शिक्षिका नाहीत, मला विचारलं, अरे पुढचं वाचलंस का? नव्हतं वाचलं! ईयोबाच्या पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत आणि मला फक्त पहिले दोन आणि शेवटचा माहीत होता. तिसऱ्यात तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, मग किती अध्याय देवाशी भांडतो, मित्र येऊन पाठ केलेली उत्तरं देतात, ३८ व्या अध्यायात देव बोलायला लागतो तेव्हा दुःखाचं कारण तर सांगतच नाही, आणि शेवटी त्या मित्रांपैकी अलीफजाला म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. भांडणाऱ्याच्या बाजूने देव! हे वाचून मी रडलो आणि त्या रात्री वडील गेल्यापासून पहिल्यांदा प्रार्थना केली. लहानपणी शिकवणाऱ्यांचं काही चुकलं नाही, आठ वर्षांच्या मुलाला तेवढंच पेलतं. पण मी चाळिशीत आठ वर्षांच्या मुलाचा ईयोब घेऊन उभा होतो.

वर्ग आणि कोर्सचं म्हणाल तर प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायातला अपुल्लो बघा. चांगला वक्ता, शास्त्रात पटाईत, पण बाप्तिस्मा फक्त योहानाचा, येशूच्या आधी आलेल्या संदेष्ट्याचा, माहीत. त्याला नीट समजावलं कोणी, तर तंबू शिवणाऱ्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाने, तेही बाजूला नेऊन, चारचौघात नाही. मला असंच काहीतरी हवंय, दोघं-तिघं बसून एकमेकांना विचारणारे. आणि पौल, आपला मृत्यू जवळ आलाय हे स्वतःच लिहितो त्याच पत्रात आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सांगतो, येताना झगा आण आणि पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. मला ती ओळ फार आवडते.

राहिली तुमची आजी. दादा, सुरुवातीच्या मंडळ्यांत पत्रं मोठ्याने वाचली जायची आणि बाकीचे ऐकायचे, प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्याच ओळीत वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, दोघांनाही धन्य म्हटलंय. तुम्हीच लिहिलंय की आजी दर उपासनेला पुढे बसायची आणि घरी येऊन उपदेश तुम्हाला परत सांगायची, न समजलेलं पाळकांना विचारायची. मग ती शेवटपर्यंत शिकतच होती की! तुम्ही तिला माझ्या विरोधात उभं केलंत पण मला तर ती माझ्याच बाजूची वाटते.

‘रोज तीन अध्याय’ वालं वाक्य आज पोस्टमधून काढतोय, त्याजागी ऐकून शिकणाऱ्यांबद्दल लिहीन. आजी पाळकांना काय काय विचारायची त्यातलं काही आठवत असेल तर नक्की लिहा, एखादा प्रश्न जरी आठवला तरी चालेल.