वायू खरा आहे, पण हिशेब मांडा

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पाणी फोडून निघालेल्या हायड्रोजनवर गाडी चालवायच्या दाव्याबद्दल 'पाण्यावर गाडी ही शुद्ध थाप' असं मी लेखात लिहिलं, त्याचा तुम्हाला राग आला. तुम्ही स्वतः 9 व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिलीची शिसं घेऊन, मीठ घातलेलं पाणी फोडलंत, परीक्षानळीत वायू धरला, काडी नेली आणि 'फट्' झालं. वर तुम्ही म्हणता, वजनाला वजन धरलं तर हायड्रोजनमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते. मग मी कशाच्या जोरावर नाही म्हणतो?

तुमची दोन्ही विधानं बरोबर आहेत. 'थाप' हा शब्दही मी घाईत वापरला; वायू निघतो, जळतो, त्यावर इंजिनही चालतं. अडतं ते जमाखर्चाच्या वहीत.

तुमचाच प्रयोग घेऊ. त्या चौकोनी बॅटरीत साधारण 500 मिलीअँपिअर-तास असतात, म्हणजे ढोबळमानाने 15 किलोज्यूल ऊर्जा. बॅटरी पार संपेपर्यंत पाणी फोडत बसलात तर हायड्रोजन मिळेल सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास. एक पेलाभर! तो सगळा जाळला तर हाती येतात पावणेतीन किलोज्यूल. पाचातला एक भागही नाही. पाणी फुटायला दीड व्होल्ट पुरतो आणि तुम्ही नऊ लावलेत. उरलेले व्होल्ट पाणी, तारा आणि बॅटरी तापवण्यात गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बरं, समजा अजिबात गळती नसलेलं यंत्र बनवलंत. 18 ग्रॅम पाणी फोडायला 286 किलोज्यूल लागतात आणि तो हायड्रोजन जाळून पुन्हा पाणी झालं की 286च परत मिळतात. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. विशिष्ट कंपनं, खास धातू, गुप्त मिश्रण, काहीही वापरा. सुरुवातीला पाणी आणि शेवटी पाणी, तर मधल्या वाटेने नफा होत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनली मेयरने पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा दावा केला होता. गुंतवणूकदार कोर्टात गेले, तज्ज्ञांनी उपकरण तपासलं तर ते साधं विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाणी फोडणं, निघालं. 1996 मध्ये ओहायोच्या न्यायालयाने त्याला फसवणूक ठरवून 25 हजार डॉलर परत करायला लावले.

गाडीतल्याच विजेने पाणी फोडून तो वायू इंजिनात सोडणारं 'किट' मिळतं, त्याचंही तेच. अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रातून, 14 व्होल्ट, 20 अँपिअर घ्या, पाणी फोडायचे सहा घट एकापुढे एक जोडा. वीज झाली 280 वॅट. ती बनवायला इंजिनाला सुमारे 500 वॅट द्यावे लागतात, कारण अल्टरनेटर स्वतःच बरंच खातो. निघालेल्या वायूतली ऊर्जा दीडशे-पावणेदोनशे वॅट. इंजिन त्यातला चौथा हिस्सा चाकांकडे पाठवतं, म्हणजे 40 वॅट. पाचशे दिले, चाळीस आले. 'मायलेज वाढलं' म्हणणारे बहुतेक वेळा किट बसवल्यावर गाडी जरा जपून चालवत असतात, असा माझा संशय आहे.

मग हायड्रोजन निरुपयोगी का? मुळीच नाही, आणि हे मूळ लेखात यायला हवं होतं. वीज दुसरीकडून, सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून, येत असेल तर हायड्रोजन ती साठवायचं भांडं होतो. एक किलो हायड्रोजनमध्ये जाळल्यावर 39 युनिट मिळतात, पण तो बनवायला आजच्या यंत्रांना 50 ते 55 युनिट आणि किमान 9 लिटर पाणी लागतं. पुढे तो दाबून भरायचा, फ्युएल सेलमधून (हायड्रोजनपासून वीज करणारं उपकरण) पुन्हा वीज करायची, की सुरुवातीच्या शंभरातले तीसेक उरतात. छोट्या गाडीला त्यापेक्षा बॅटरी बरी. खत कारखान्यांना मात्र हायड्रोजन हवाच असतो, आणि पोलाद कारखान्यांना तो कोळशाऐवजी वापरता येतो. तिथे हा व्यवहार पटतो.

पुन्हा प्रयोग केलात तर मीठ टाकू नका. धन टोकाला ऑक्सिजनबरोबर क्लोरीन निघतो आणि बंद खोलीत तो घशाला लागतो. धुण्याचा सोडा चालेल. आणि दोन्ही टोकांचे वायू एकाच बाटलीत कधीही साठवू नका. परीक्षानळीतला 'फट्' गमतीचा वाटतो, बाटलीतल्या मिश्रणाने काचा उडतात.