मार्कशीट एचआरच्या कपाटात

भाचा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागला, तेव्हा सिडकोतल्या आमच्या घरून गल्लीभर पेढे वाटले गेले. करार दोन वर्षांचा. आता चौदा महिने झालेत, पुण्याहून बरी ऑफर आलीय आणि घरात दोन तट पडलेत. अण्णा म्हणतात, सही केलीस ना, मग मुदत पुरी कर; आम्ही सातपूरला एकाच गेटातून तीस वर्षं गेलो-आलो. ताई म्हणते, उद्यापासून जाऊच नकोस, फोनही उचलू नकोस. मी जर्मनीत असतो, म्हणून मला ऐकवायच्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे: "तुझ्या जर्मनीत बरं, नको वाटली की सोडायची नोकरी."

तसं नाही.

२०१९ मध्ये मी स्टुटगार्टला दोन वर्षांच्या करारावर होतो. चांगली संधी चालून आली आणि मी करार पहिल्यांदा नीट वाचला. इथे मुदतीची नोकरी मध्येच सोडायची तर नोटिशीचं कलम त्या करारात किंवा संघटनेच्या सामूहिक करारात असावं लागतं. माझ्यासाठी ते कुठेच नव्हतं. कायम नोकरीतला माणूस साधारण चार आठवड्यांच्या नोटिशीवर निघू शकतो, मी अडकलेलो. त्यात ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, पहिली दोन वर्षं नोकरी बदलायला तेव्हा सरकारी परवानगी लागायची. कित्येक रात्री झोप नव्हती.

मग कामगार संघटनेतल्या एका बाईंनी समजावलं की हीच अट कंपनीलाही बांधते. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून त्यांनाही मला मध्येच काढता आलं नसतं. मी साहेबांकडे गेलो. हातातलं काम संपायला किती दिवस लागतील, एवढंच त्यांनी विचारलं. दहा आठवडे, म्हणालो. दोघांच्या संमतीने करार संपवण्याचा एकपानी कागद तयार झाला. त्यावर ईमेल चालत नाही, शाईची सही लागते. साहेबांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. माझ्या पदवीची मूळ प्रत त्यांनी रुजू होताना पाहिली होती, झेरॉक्स काढली होती आणि तिथल्या तिथे परत दिली होती.

भाच्याचा करार मला व्हॉट्सॲपवर आला, सहा फोटो. तिसऱ्या पानावर: दोन वर्षांआधी सोडल्यास दीड लाख रुपये भरावे लागतील. चौथ्यावर: कंपनी एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही कमी करू शकते. मग ही दोन वर्षं नक्की कोणाची? प्रशिक्षण म्हणाल तर तीन दिवस सुरक्षेची माहिती, चौथ्या दिवशी पोरगा शिफ्टवर. आणि डिप्लोम्याची मूळ मार्कशीट पहिल्या दिवसापासून एचआरच्या कपाटात.

दीड लाखाचा हा बॉन्ड म्हणजे नुसता कागद, असं मी त्याला सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलेले दोन लाख योग्य ठरवले. सरकारी बँकेला पुन्हा जाहीर भरती करावी लागते, हा खर्च त्यात धरला. १९६७ मध्ये तर कल्याणच्या कारखान्यातला पाच वर्षांच्या करारावरचा सुपरवायझर मध्येच राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत गेला, तेव्हा मुदत संपेपर्यंत तेच काम दुसरीकडे करायला त्याला मनाई झाली. अण्णांच्या म्हणण्यात वजन आहे. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. तीन दिवसांच्या माहितीला दीड लाख कसे लागले, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

ताईचा सल्ला मला मुळीच पटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिलीय, राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत पगार चुकता करायला सांगितलंय. न सांगता गायब झालेला पोरगा हे कोणत्या तोंडाने मागणार?

अण्णांनाही मी फोनवर म्हटलं, तुमची नोकरी पक्की होती. तुम्ही शब्द दिलात तसा कंपनीनेही तुम्हाला दिला होता. याला कोणी दिलाय? आणि पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं घासून मिळवलेला कागद गहाण ठेवून घ्यायचा, हे कुठल्या रीतीत बसतं? मला खरा राग त्याचाच आहे. अण्णा गप्प राहिले.

रविवारी भाच्याने राजीनाम्याचा मसुदा पाठवला. "मामा, दीड लाखाचं काय लिहू?" प्रशिक्षणावर प्रत्यक्ष काय खर्च झाला त्याचा लेखी हिशेब माग, एक महिन्याची नोटीस दे, पोच घे, असं मी सांगितलं. मूळ मार्कशीट परत मागणारी ओळ त्याने शेवटी, अगदी विनंतीच्या सुरात लिहिली होती. अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "ही ओळ पहिली घे."