माळकरी बाईला माशाच्या खवल्यांची पावडर

आज डोकं फिरलंय, लांबलचक लिहिणार आहे.

आत्याकडे गेले होते, निफाडजवळ. चहासाठी साखर काढायला फडताळ उघडलं, तर शेजारीच गुलाबी झाकणाचा डबा. कोलॅजेन पावडर! उन्हाने खराब झालेली त्वचा आतून भरून येते, ओलावा येतो, असं सगळं इंग्रजीत छापलेलं. तालुक्याच्या पार्लरवालीने गळ्यात मारलाय. अडीच हजार रुपये. आत्याची आठवड्याभराची मजुरी.

आत्या द्राक्षबागेत राबते. एप्रिलची खरड छाटणी ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. वेलीवर पान उरत नाही, मांडवाखाली सावली नाही, आणि डोक्यावर ते ऊन. तिच्या दोन्ही गालांवर वांग आलेत, हाताची कातडी पार कोरडी ठक्क झालीय. आरशात बघून बाईला वाईट वाटणारच ना? "या वयात कशाला हे थेर" असं कुणी खाली लिहिलं तर सरळ ब्लॉक करीन. तिची हौस शंभर टक्के बरोबर आहे. चीड आहे ती त्या हौशीवर पैसे उकळणाऱ्यांची.

अहो, कोलॅजेन हे कातडीतलंच एक प्रथिन. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं, त्याचे बारीक तुकडे होतात, आणि ते शरीर लागेल तिथे वापरतं. गालावरच जातील असं कोण सांगणार? आणि वांग तर मेलॅनिनमुळे, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्यामुळे येतात, त्यांचा कोलॅजेनशी संबंधच काय! बरं, काही चाचण्यांत दोन-तीन महिने रोज घेतल्यावर त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला दिसलाय, मान्य. त्यातल्या बऱ्याच चाचण्यांना पैसा कंपन्यांचाच होता, हेही मान्य करा मग.

आता खरी गोष्ट. आत्या माळकरी आहे. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. मी डबा उलटा करून वाचला. मागे बारीक अक्षरात 'मरीन कोलॅजेन', म्हणजे माशांची कातडी आणि खवले. शेजारी तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी असल्याची खूण. आणि त्याच्याच खाली 'औषधी वापरासाठी नाही'.

तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मी विचारलं होतं तिला. ती म्हनली, शुद्ध प्रोटीन आहे, घ्या बिनधास्त." बाईने विचारलं होतं! तरी खोटं सांगितलं. मग आत्या बराच वेळ मलाच समजावत बसली, की जाऊ दे, तिला बिचारीला ठाऊक नसेल, तिचंही पोट आहे. माझ्या आत्याचा स्वभावच असा. मला मात्र तिथेच रडू आलं.

ऊन लागतं ते बाहेरून. अतिनील किरणं कातडीच्या आतल्या थरात पोचतात आणि तिथलं कोलॅजेन तोडणारी एन्झाइम्स वाढवतात. रोज तेच ऊन खात वरून पावडर प्यायची, याला काय अर्थ आहे? तिला हवी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सनस्क्रीनची ट्यूब, रात्री हातापायांना व्हॅसलीन. दुपारी बारा ते तीन कामाला सुट्टी. आणि बागेजवळ संडास! हसू नका. संडास नाही म्हणून या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. भर उन्हात, घोटभर पाण्यावर. आणि त्यांना आपण ओलाव्याचा डबा विकतोय.

बागायतदार मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण माझ्या यादीत आहेत. घडांना ऊन लागू नये म्हणून कागद गुंडाळता ना? मग छाटणीला येणाऱ्या बायांना टोप्या का देत नाही? राग आला तर येऊ दे.

डबा मी पिशवीत घालून आणलाय, बिलासकट. सोमवारी पार्लरमध्ये जाणार आहे. पैसे आत्याच्या हातात परत मिळाले पाहिजेत, आणि मासे आहेत हे तिने स्वतःच्या तोंडाने आत्याला सांगितलं पाहिजे. निफाड, पिंपळगाव, ओझर भागात अजून कुणाच्या आईला, मावशीला असा डबा विकला असेल तर मेसेज करा. सगळ्या मिळून जाऊ.