अँटीबॉडी म्हणजेच इम्युनिटी नाही
"अँटीबॉडी उतरल्या की इम्युनिटी संपली" हे इम्युनिटीवरच्या एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही, त्यात टी सेल्सचा (रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) साधा उल्लेखही नाही. अँटीबॉडी, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं, व्हायरसला पेशीत शिरण्याआधी अडवतात, पण एकदा तो आत घुसला की ती पेशी ओळखून मारायचं काम मुख्यतः किलर टी सेल्सच करतात, आणि त्यांची मेमरी खूप टिकते. 2003 मध्ये सार्स (कोरोना जातीच्याच एका व्हायरसमुळे होणारा फुफ्फुसांचा आजार) झालेल्या लोकांच्या रक्तात 17 वर्षांनंतरही त्या व्हायरसला ओळखणाऱ्या टी सेल्स सापडल्या होत्या.

उलटं उदाहरण आमच्या घरातलंच. सासूबाईंना लहानपणी कांजिण्या झालेल्या, आणि सत्तरीत नागीण उठली, काय ते दुखणं, पदर लागला तरी कळवळायच्या. कांजिण्यांचा व्हायरस नसांच्या गाठींत जन्मभर लपून राहतो, त्याला दाबून ठेवतात त्या टी सेल्स, वय वाढलं की त्याच कमी पडतात, अँटीबॉडी शाबूत असल्या तरी. म्हणून तर वयस्कर लोकांना नागिणीची लस देतात. लोक लस घेतल्यावर पैसे खर्चून अँटीबॉडी टेस्ट करतात आणि आकडा कमी आला की घाबरतात, त्यांच्यासाठी तरी हे लिहायला हवं होतं.