फवारणीचा पंप उघडणाऱ्या मुलींविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आठवी-नववीच्या मुलींच्या हाती बॅटरी, मोटर आणि नट-बोल्ट खोलायचे पाने द्यावेत, या माझ्या लेखनावर आपण कठोर आक्षेप घेतला आहे. ही शहरी शाळांची हौस आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यातील ज्या गावात दहावीनंतर मुलीला तालुक्याला पाठवायचे की नाही यावरच घरात वाद होतो, तिथे तिला गणिताची शिकवणी हवी, खेळणी नकोत, असे आपण लिहिता. गणिताच्या गरजेबद्दल माझे दुमत नाही. हातांनी केलेले काम गणिताचा वेळ खाते, हे मात्र मला मान्य नाही.

बॅटरीवरचा फवारणीचा पंप घ्या. त्यासाठी पाणी आणायचे ते मुलीने, आणि तो बंद पडला की उघडायला बोलवायचे ते तिच्या भावाला. आमच्या शिबिरात तो मुलीच उघडतात. ज्यात कधीही औषध भरलेले नाही असाच पंप आम्ही आणतो. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने झालेले मृत्यू पाहिल्यावर त्यात तडजोड करता येत नाही. ट्रिगर सोडताच मोटर आपोआप का थांबते, एवढेच आम्ही विचारतो आणि उत्तर सांगत नाही. एकेक तार तपासत मुली दाबाच्या स्विचपर्यंत येतात : नळीतला दाब वाढला की तो वीजप्रवाह तोडतो, उतरला की जोडतो. मग ८ अँपिअर-तासांची बॅटरी २ अँपिअर घेणाऱ्या मोटरला किती वेळ पुरेल, हा भागाकार त्या करतात, आणि प्रत्यक्षात पंप चार तासांच्या आधीच का थांबतो यावर तावातावाने भांडतात. हे गणितच आहे.

शिवाय ही कल्पना शहराची नाही. हातांच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली, ती आपल्याच विदर्भात.

वाटेतील अडचणी खऱ्या आहेत. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण शाळा सुटण्याच्या वेळेला गाडी असेलच असे नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, पात्र प्रवर्गांतील घरांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क २०२४ पासून शासन भरते. परंतु या सवलती अर्ज भरणाऱ्या मुलीसाठी आहेत, आणि यंत्र हे आपले काम नव्हे असे जिने तेराव्या वर्षीच मानून टाकले, ती अर्जापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मी आठवीचा आग्रह धरतो.

आपल्या शाळेत एक पंप आणि वीजप्रवाह मोजणारा काहीशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन यायला मी तयार आहे. गणिताचा तास आपणच घ्यावा. वेळ मात्र कापूस वेचणीच्या आधीची ठरवावी, कारण दिवाळीनंतर अनेक मुली शेतात असतात.