वजनकाटा नको, पट्टी आणा

गेल्या महिन्यात गळाच्या स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला आणि बक्षीस न घेताच मी इंदूरला परतलो. तेव्हापासून आपली मंडळी विचारताहेत, 'भिया, बुरा मान गए क्या?' म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

वजनात पहिल्या आलेल्या कटला माशाच्या पोटात काही भरलं होतं म्हणे. असेल, नसेल. आपल्याकडे पोट चिरून कोण बघतंय? 2022 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला, ईरी सरोवराच्या स्पर्धेत मात्र बघितलं. दिसायला चार-चार पौंडांचे मासे काट्यावर सातच्या आसपास भरायला लागले, तेव्हा संचालकाने तिथेच सुरी चालवली. आतून शिशाचे गोळे निघाले, वर दुसऱ्या माशांचे तुकडे. बक्षीस 28 हजार डॉलरहून जास्त होतं. ही लबाडी करणाऱ्या दोघांना 10 दिवसांची कैद झाली, बोटही गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी मिटक्या मारत पाहिलाय.

माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणाने. सकाळी सातला लागलेला मासा दुपारी एकला तोलायचा, म्हणून तोवर ओल्या गोणपाटात. मग एका रोहूच्या कल्ल्यात बोटं घालून त्याला उचललं, चौघांनी सेल्फी काढल्या, तापलेल्या फरशीवर ठेवला आणि 'कॅच अँड रिलीज' म्हणत टाळ्यांच्या कडकडाटात पाण्यात सोडला. तो पोट वर करून तरंगत राहिला. काठावरचा नावाडी म्हणाला, 'साहब, हमको दे देते, सब्जी तो बन जाती.' काय उत्तर देणार? त्याचं जाळं पोटासाठी, आपला गळ हौसेसाठी.

तो रोहू माझा होता. तिसरा नंबर त्याचाच.

मला गळ शिकवला मामांनी. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगापासून वाचवतो. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा. निसटला तर निसटला. 16 जून ते 15 ऑगस्ट रॉड माळ्यावर. मध्य प्रदेशात तेव्हा मासेमारीला बंदी असते, आणि रोहू-कटल्याचे अंडी घालण्याचे दिवसही पावसाळ्यातलेच. आणि महेश्वरच्या घाटावर गळ कधीच नाही. तिथे आई कणकेच्या गोळ्या टाकायची नि मासे पार पायरीपर्यंत यायचे. धरणावर आम्हीही कणीकच लावायचो, हिंग घालून. पण विश्वासाने जवळ आलेल्याला ओढण्यात कसला खेळ, असं मामा म्हणत. (आईचं मत सरळ होतं: घाट काय नि धरण काय, पाप ते पाप.)

एवढा कळवळा आहे तर गळ टाकतोसच कशाला, असं कुणी विचारेल. धड उत्तर नाही माझ्याकडे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदाचं, म्हणजे मासे पकडण्याच्या खेळाचं, वर्णन आहे, माशांना आमिष काय लावावं इथपर्यंत. पण हौस जुनी आहे म्हणून ती धुतल्या तांदळासारखी होत नाही.

मला एवढंच सुचतंय: मासा तोलू नका, मोजा. लागला की ओल्या पट्टीवर आडवा ठेवा, आयोजकांनी त्याच सकाळी दिलेली खुणेची चिठ्ठी शेजारी धरा, म्हणजे जुना फोटो खपणार नाही, फोटो काढा, लगेच सोडा. शिसं कोंबून मासा लांब होत नाही. लबाड लोक फोटोतही शेपूट ओढून बघतील, पण तोवर मासा तरी पाण्यात पोचलेला असेल. आयोजक म्हणतात, काट्याशिवाय गर्दीला मजा येत नाही. मग गर्दीला इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत न्या, जिलबी खाऊ घाला.

पुढच्या वेळी पट्टी असेल तर माझं नाव लिहा, दोन पट्ट्या सुताराकडून मीच करून आणतो. काटाच असेल तर नाव खोडा आणि माझी आगाऊ भरलेली फी त्या नावाड्याला देऊन टाका.